अतिदाबाखालील हायड्राइडांमध्ये हायड्रोजन नेमका कुठे असतो, आणि ते आपल्याला कसे कळते?

प्रश्न असा आहे: क्ष-किरणांना हायड्रोजन जवळपास दिसत नाही, हे स्फटिकशास्त्राच्या सुरुवातीच्या धड्यांतच शिकवले जाते. असे असताना गंधकाच्या किंवा लॅन्थॅनमच्या अतिसंवाहक हायड्राइडांवरील, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहू देणाऱ्या हायड्रोजन-संयुगांवरील, शोधनिबंधांत हायड्रोजनच्या प्रत्येक अणूचे निर्देशांक दशांश स्थळांसह कसे काय छापलेले असतात? ते मोजलेले असतात की मानलेले? या रचनेचा अतिसंवाहकतेशी संबंध कोणता, आणि दाब काढून घेतल्यावर ती टिकते का?

थोडक्यात उत्तर द्यायचे तर, जड अणूंच्या जागा मोजलेल्या असतात आणि हायड्रोजनच्या जागा गणिताने काढलेल्या असतात. मात्र 'गणिताने काढलेल्या' याचा अर्थ 'मनाने ठरवलेल्या' असा कोणी घेऊ नये. त्या जागांमागे एकमेकांपासून बऱ्याच अंशी स्वतंत्र असे चार-पाच पुरावे उभे असतात. ते कोणते आणि त्यांतला प्रत्येक पुरावा किती वजन पेलू शकतो, हे समजले की या विषयातला कोणताही निबंध पारखून वाचता येतो. मी या क्षेत्रात दाबाच्या प्रयोगांकडून आलो, गणनेकडून नव्हे, त्यामुळे माझा कल साहजिकच मोजलेल्या गोष्टींकडे झुकलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

हायड्रोजनच का, हे आधी पाहू. १९३५ मध्ये विग्नर आणि हंटिंग्टन यांनी असे मांडले की पुरेशा दाबाखाली हायड्रोजनचे रेणू फुटून त्याचा धातू बनेल. १९६८ मध्ये अॅशक्रॉफ्ट यांनी त्यावर पुढचा विचार केला: असा धातू बनला तर तो फार वरच्या तापमानालाही अतिसंवाहक राहील, कारण प्रोटॉन हे सर्वांत हलके केंद्रक असल्याने जालकाची, म्हणजे अणूंच्या आवर्ती मांडणीची, कंपने अतिशय वेगवान असतील, आणि आतल्या कवचातले इलेक्ट्रॉनच नसल्यामुळे संवाहक इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्यात कोणताही आडपडदा राहणार नाही. अडचण दाबाची होती. शुद्ध हायड्रोजनला धातू बनवण्यासाठी चारशे गिगापास्कलच्या (एक गिगापास्कल म्हणजे सुमारे दहा हजार वातावरणांचा दाब) पलीकडे जावे लागते, आणि पृथ्वीच्या केंद्राशी असलेला दाबसुद्धा सुमारे ३६० गिगापास्कलच आहे. २००४ मध्ये अॅशक्रॉफ्ट यांनीच यातून वाट काढली. हायड्रोजन एखाद्या जड मूलद्रव्याच्या सहवासात ठेवला तर ते मूलद्रव्य त्याला रासायनिक बळाने आधीच थोडे दाबून ठेवते, आणि मग बाहेरून द्यावयाचा दाब कमी पुरतो. आज ज्यांना आपण हायड्रोजनसमृद्ध अतिसंवाहक म्हणतो, त्या सगळ्यांचा उगम या कल्पनेत आहे.

पहिले ठोस यश गंधकाबरोबर मिळाले. २०१४ मध्ये चीनमधील दोन गटांनी स्वतंत्रपणे गणना प्रसिद्ध केल्या. एकाने हायड्रोजन सल्फाइडसाठी सुमारे ८० केल्व्हिनचे भाकीत केले, तर दुसऱ्याने एका रेणूमागे जादा हायड्रोजन असलेल्या संयुगासाठी २०० गिगापास्कलला १९१ ते २०४ केल्व्हिन इतके. २०१५ मध्ये माइन्त्स येथील माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेत एरेमेट्स, द्रोझ्दोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रोजन सल्फाइड दाबून १५५ गिगापास्कलच्या सुमारास २०३ केल्व्हिनला अतिसंवाहकता नोंदवली. कुपीत भरले होते ते एच२एस. पण दाबाखाली त्याचे विघटन होते. तीन एच२एसपासून दोन एच३एस आणि एक गंधक, असा त्याचा सरळ हिशेब आहे. जपानमधील स्प्रिंग-८ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे तीव्र क्ष-किरण देणाऱ्या त्वरकावर, २०१६ मध्ये झालेल्या क्ष-किरण विवर्तनात गंधकाचे केंद्रस्थ घन जालक, म्हणजे ज्याला आपण सगळे बीसीसी म्हणतो ते, आणि त्याच्या जोडीला शुद्ध गंधकाच्या रेषा, असे दोन्ही मिळाले. त्या जादा गंधकाच्या रेषा मला नेहमीच मुख्य रेषांइतक्या बोलक्या वाटत आल्या आहेत. विघटनाचा हिशेब बरोबर असेल तर उरलेला गंधक कुठेतरी दिसलाच पाहिजे, आणि तो दिसला.

आता एच३एसच्या रचनेकडे वळू. गंधकाचे अणू घनाच्या कोपऱ्यांवर आणि केंद्रात आहेत. हायड्रोजनचे अणू घनाच्या कडांच्या मध्यावर आणि फलकांच्या मध्यावर बसतात, त्यामुळे प्रत्येक गंधकाभोवती सहा हायड्रोजनांचा अष्टफलक तयार होतो आणि प्रत्येक हायड्रोजन दोन गंधकांच्या बरोबर मधोमध, सरळ रेषेत येतो. कोपऱ्यांवरच्या गंधकांचे एक जाळे आणि केंद्रातल्या गंधकांचे दुसरे, अशी दोन सारखी जाळी एकमेकांत गुंतलेली आहेत असेही या रचनेकडे पाहता येते. २०० गिगापास्कलला घनाची कड तीन अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) किंचित आत असते, म्हणजे गंधक-हायड्रोजन अंतर दीड अँगस्ट्रॉमच्या जवळपास. येथे हायड्रोजन-हायड्रोजन असा बंध नाही. सगळा खेळ गंधक आणि हायड्रोजन यांच्यातल्या सहसंयुजी बंधाचा आहे, आणि तो बंध धातूसारखा वागतो, हेच या संयुगाचे वेगळेपण आहे.

हायड्रोजन 'बरोबर मधोमध' आहे, हे विधान मात्र तपासून घेण्यासारखे आहे. दाब कमी असताना हायड्रोजन एका गंधकाकडे सरकलेला असतो: एक बाजू आखूड आणि पक्की, दुसरी लांब आणि ढिली. बर्फात पाण्याच्या रेणूंमध्ये जो हायड्रोजन बंध असतो, त्याचीच ही गंधकी आवृत्ती म्हणता येईल, आणि बर्फ फार दाबल्यावर त्यातला हायड्रोजन जसा दोन ऑक्सिजनांच्या मध्यावर येऊन बसतो, तसाच इथेही येतो. प्रश्न आहे तो किती दाबाला येतो हा. केंद्रके म्हणजे स्थिर बिंदू मानून केलेली गणना सांगते की सुमारे १७५ गिगापास्कलला. म्हणजे अतिसंवाहकतेचे कमाल तापमान ज्या दाबाला मोजले गेले, तिथे रचना अजून असममितच असायला हवी. पण प्रोटॉन स्थिर नसतो. तो इतका हलका आहे की निरपेक्ष शून्यालाही त्याचे शून्यबिंदू कंपन अंतर-अणू अंतराच्या तुलनेत नगण्य नसते. २०१६ मध्ये एर्रेआ आणि सहकाऱ्यांनी हे पुंजकंपन गणनेत घेतले तेव्हा सममितीचा दाब एच३एससाठी १०३ आणि ड्युटेरियमच्या, म्हणजे दुप्पट जड हायड्रोजनच्या, संयुगासाठी ११५ गिगापास्कलपर्यंत खाली आला. म्हणजे १५५ गिगापास्कलला हायड्रोजन मधोमध आहे, असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ, त्याचे डोलणे दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले आहे, असा घ्यायचा.

आणि मूळ प्रश्नाचे बीज नेमके इथेच आहे. असममित आणि सममित या दोन्ही रचनांत गंधकाच्या जागा इतक्या सारख्या आहेत की क्ष-किरण विवर्तनाला त्यांच्यातला फरक ओळखता येत नाही. स्प्रिंग-८ च्या आकृतिबंधावरून 'गंधक बीसीसी आहे' एवढे ठामपणे म्हणता येते, आणि 'हे दोन्ही रचनांशी जुळते' एवढे प्रामाणिकपणे म्हणता येते. पुढचा निवाडा गणना आणि दाबानुसार बदलणारे संक्रमण तापमान (ज्याच्या खाली अतिसंवाहकता येते ते) यांनी मिळून केलेला आहे.

दुसरे कुळ पिंजऱ्यांचे, आणि माझ्या मते रचनेच्या दृष्टीने अधिक देखणे. २०१२ मध्ये कॅल्शियम हेक्साहायड्राइडसाठी अशी रचना भाकीत झाली, जिच्यात कॅल्शियमचे अणू बीसीसी जालकावर असून प्रत्येकाभोवती चोवीस हायड्रोजनांचा पिंजरा आहे. सोडालाइट नावाच्या खनिजात सिलिका आणि अॅल्युमिना यांचे जसे पिंजरे असतात तसाच हा: सहा चौरस, आठ षट्कोन. हायड्रोजन बसतात ते बीसीसी जालकाच्या चतुष्फलकीय पोकळ्यांत. ज्यांनी घनरूप भौतिकीत विग्नर-झाइट्स कोष्ठिका काढली आहे, त्यांना ती आकृती लगेच ओळखू येईल, कारण बीसीसीच्या त्या कोष्ठिकेची शिरे म्हणजेच या पिंजऱ्याची शिरे. प्रत्येक हायड्रोजन चार पिंजऱ्यांत सामाईक असतो. चोवीसला चाराने भागले की सहा येतात, आणि सूत्रातला सहाचा आकडा तिथून आलेला आहे. लगतच्या दोन हायड्रोजनांमधले अंतर १५० गिगापास्कलला सुमारे १.२४ अँगस्ट्रॉम पडते. मोकळ्या हायड्रोजन रेणूत हेच अंतर ०.७४ अँगस्ट्रॉम असते. या संयुगाचे भाकीत २३५ केल्व्हिनचे होते. ते प्रत्यक्ष बनवायला दहा वर्षे लागली, आणि २०२२ मध्ये १७२ गिगापास्कलला २१५ केल्व्हिनपर्यंतची अतिसंवाहकता मिळाली.

लॅन्थॅनम डेकाहायड्राइडमध्ये लॅन्थॅनम फलककेंद्रित घन, म्हणजे एफसीसी, जालकावर असतो आणि भोवतीचा पिंजरा बत्तीस हायड्रोजनांचा असतो. त्याचे फलक सहा चौरस आणि बारा षट्कोन आहेत. ऑयलरच्या सूत्राने ताळा घेता येतो: कडा अठ्ठेचाळीस, फलक अठरा, म्हणून शिरे बत्तीस. येथे हायड्रोजनच्या दोन जाती आहेत. एक जात चार लॅन्थॅनमांच्या चतुष्फलकाच्या मध्यावर बसते आणि चार पिंजऱ्यांत वाटली जाते. पिंजऱ्यात असे आठ अणू असतात. दुसरी जात आठ-आठच्या लहान घनांमध्ये मांडलेली असते आणि तीन पिंजऱ्यांत वाटली जाते. असे चोवीस अणू. आठ भागिले चार, अधिक चोवीस भागिले तीन, म्हणजे दोन आणि आठ मिळून दहा. यांतल्या पहिल्या जातीची जागा सममितीनेच बांधलेली आहे, तिला हलायला मुभा नाही. दुसऱ्या जातीला घनाच्या कर्णावर पुढेमागे सरकण्याची मुभा आहे, आणि तक्त्यात दिसणारा सुमारे ०.१२ हा निर्देशांक तिचाच. दीडशे गिगापास्कलला एककोष्ठिकेची, म्हणजे जालकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या घनाची, कड साधारण ५.१ अँगस्ट्रॉम धरली तर त्या ०.१२ मुळे लगतच्या हायड्रोजनांमधली अंतरे १.१५ ते १.२२ अँगस्ट्रॉम अशी येतात. कागद-पेन्सिल घेऊन हे एकदा करून पाहावे, कारण मग लक्षात येते की जातींची संख्या आणि बहुतेक भूमिती सममितीनेच ठरते आणि गणनेकडून घ्यावा लागतो तो केवळ एक आकडा.

हे पिंजरे बनतात ते धातूने दिलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे. धातूचे संयुजी इलेक्ट्रॉन हायड्रोजन रेणूच्या प्रतिबंधी कक्षकात जातात, त्याचा बंध सैल होतो, अणू एकमेकांपासून दूर सरतात आणि शेजारच्या रेणूतल्या अणूंशी जवळपास तितकेच नाते जोडतात. इलेक्ट्रॉन किती द्यायचे, हे प्रमाण महत्त्वाचे आहे. कॅल्शियम हेक्साहायड्राइडमध्ये औपचारिक हिशेबाने एका हायड्रोजनमागे एक-तृतीयांश इलेक्ट्रॉन पडतो, लॅन्थॅनम डेकाहायड्राइडमध्ये तीन-दशांश. बेरियमच्या बारा हायड्रोजनांच्या संयुगात मात्र हे प्रमाण एक-षष्ठांशावर येते, बंध पुरेसा तुटत नाही, दोन-दोन आणि तीन-तीन अणूंचे तुकडे तसेच राहतात, आणि १४० गिगापास्कलला मिळते ते जेमतेम २० केल्व्हिन. उलट टोकाला अॅल्युमिनियम ट्रायहायड्राइड आहे: एका हायड्रोजनमागे एक पूर्ण इलेक्ट्रॉन, हायड्रोजन-हायड्रोजन अंतर १.५ अँगस्ट्रॉमच्या पुढे, म्हणजे परस्परांशी फारसे देणेघेणे नसलेले ऋणभारित हायड्राइड आयन. त्यासाठी २४ केल्व्हिनचे भाकीत झाले होते. प्रयोगात धातू मिळाला, अतिसंवाहकता मिळाली नाही, आणि पुढे दिसले की हायड्रोजनची कंपने हार्मोनिक, म्हणजे साध्या स्प्रिंगसारखी, मानल्याने ते भाकीत फुगले होते.

नुसता पिंजरा मिळाला म्हणजे सगळे साधले, असेही नाही. सिरियमच्या नऊ हायड्रोजनांच्या हायड्राइडात षट्कोनी जालक असते आणि पिंजरा एकोणतीस शिरांचा: चौरस, पंचकोन आणि षट्कोन प्रत्येकी सहा. हे संयुग सुमारे १०० केल्व्हिनला अतिसंवाहक होते, आणि तेही इतरांच्या मानाने कमी दाबाला. यिट्रियममध्ये हीच रचना २०१ गिगापास्कलला २४३ केल्व्हिन देते. प्रेसिओडिमियममध्येही तोच पिंजरा, तीच सममिती. पण संक्रमण तापमान दहा केल्व्हिनच्याही खाली, कारण त्याचे एफ-इलेक्ट्रॉन चुंबकीय आहेत आणि चुंबकत्व कूपर जोड्यांना, म्हणजे अतिसंवाहकता घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांना, टिकू देत नाही. पिंजऱ्याच्या चित्रावरून संक्रमण तापमान वर्तवू पाहणाऱ्यांनी ही तीन संयुगे शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत.

आता पुराव्यांकडे येऊ. नमुना असतो हिऱ्याच्या दोन ऐरणींच्या मध्ये. दीडशे गिगापास्कल, म्हणजे सुमारे पंधरा लाख वातावरणांचा दाब गाठायचा तर हिऱ्याचे टोक पन्नास मायक्रोमीटरच्या आसपास असावे लागते, आणि नमुना दहा-वीस मायक्रोमीटर रुंद व काही मायक्रोमीटर जाड असतो. त्यात धातूची कपची आणि हायड्रोजन ठेवायचा. हायड्रोजन वायू भरणे किचकट असल्याने आजकाल बहुतेक जण अमोनिया बोरेन वापरतात. लेसरने तापवले की त्यातून हायड्रोजन सुटतो आणि मागे बोरॉन नायट्राइड उरते, जे विद्युतरोधक असल्यामुळे मोजणीत लुडबुड करत नाही. लेसरचा झोत जरा जास्त वेळ राहिला की हायड्रोजन हिऱ्यात शिरतो आणि हिरा फुटतो. ज्याने कधी हिरा फोडलेला नाही त्याने या दाबांवर फारसे काम केलेले नाही, असे खुशाल समजावे.

अशा कणावर सिंक्रोट्रॉनचा काही मायक्रोमीटर रुंदीचा झोत टाकला की विवर्तनाच्या रेषा मिळतात. एका अणूकडून होणारे विकिरण ढोबळमानाने त्याच्या इलेक्ट्रॉनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. गंधक आणि हायड्रोजन यांचे गुणोत्तर २५६ ला १, लॅन्थॅनम आणि हायड्रोजन यांचे तीन हजारांहून अधिकास १. त्यातही हायड्रोजनचा एकुलता इलेक्ट्रॉन बंधात गुंतलेला, म्हणजे केंद्रकाभोवती नीट गोलाकार नसलेला. न्यूट्रॉनांना हायड्रोजन, विशेषतः ड्युटेरियम, छान दिसतो, पण त्यासाठी नमुना कितीतरी पट मोठा लागतो, आणि तेवढा नमुना या दाबांना दाबता येत नाही. शुद्ध मापनाच्या बाजूने वाट तिथेच अडते.

पण रेषांवरून एक गोष्ट फार चांगली कळते, ती म्हणजे आकारमान. लॅन्थॅनमच्या एका अणूमागे जालकात किती जागा आहे, हे एककोष्ठिकेच्या कडेवरून सरळ निघते: ५.१ अँगस्ट्रॉमचा घन, भागिले चार, म्हणजे सुमारे ३३ घन अँगस्ट्रॉम. त्याच दाबाला शुद्ध लॅन्थॅनम किती जागा घेतो हे वेगळ्या प्रयोगांतून ठाऊक असते. उरलेली जागा हायड्रोजनची, आणि या दाबांना एका हायड्रोजनमागे साधारण दोन घन अँगस्ट्रॉम जागा लागते. या वजाबाकीवरून दहाच्या जवळपासचा आकडा येतो. तो नऊ आहे की दहा की अकरा, हे मात्र या पद्धतीने निर्विवाद सांगता येत नाही, आणि सूत्रातल्या पूर्णांकाकडे पाहताना हे सतत ध्यानात ठेवावे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकस्फटिक विवर्तनाच्या अभ्यासात ९६ ते १७६ गिगापास्कलच्या टप्प्यात लॅन्थॅनमची सात वेगवेगळी हायड्राइडे आढळली, आणि त्यांतल्या काहींची सूत्रे लेखकांनी पूर्णांकात न लिहिता 'अधिक थोडे' असे चिन्ह जोडून लिहिली. मला ती पद्धत आवडली. एकाच तापवलेल्या ठिपक्यात ही हायड्राइडे शेजारी-शेजारी असू शकतात, शिवाय वीस मायक्रोमीटरांच्या अंतरात दाबही सहज दहा गिगापास्कलांनी बदलतो; अशा वेळी रोध ज्या तापमानाला कोसळला ते तापमान नेमके कोणत्या कणाचे, हे ठरवणे हेच खरे कष्टाचे काम असते.

मग हायड्रोजनच्या जागा ठरतात कशा? जड अणूंचे जालक आणि हायड्रोजनची अदमासे संख्या या दोन अटी दिल्या की संगणकाला शोधायचा प्रदेश फार लहान होतो. रचना शोधण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत: कॅलिप्सो ही थव्याच्या वर्तनावर आधारलेली, यूएसपेक्स ही उत्क्रांतीच्या धर्तीवरची, आणि एअर्स ही यादृच्छिक मांडण्या करून त्या शिथिल होऊ देणारी. तिन्हींची विचारसरणी वेगळी असूनही त्या एकाच पिंजऱ्यावर येऊन पोहोचतात, याला मी बरेच वजन देतो. त्याहून वजनदार गोष्ट म्हणजे कालक्रम. लॅन्थॅनम डेकाहायड्राइडचे भाकीत २०१७ मध्ये दोन गटांनी केले, संयुग २०१८ मध्ये बनले, आणि २०१९ मध्ये एका गटाने २६० केल्व्हिनपर्यंत व दुसऱ्याने १७० गिगापास्कलला २५० केल्व्हिनला अतिसंवाहकता नोंदवली. रचना आधी छापली गेली आणि मापन नंतर आले; आधी मापन आणि मग त्याला शोभेल अशी रचना, असा तो क्रम नव्हता.

यात समस्थानिकांचा पुरावा मिळवावा. हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम घातला तर कंपनांची वारंवारता वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते, आणि संक्रमण तापमान हायड्रोजनच्या कंपनांवर अवलंबून असेल तर तेही जवळपास तसेच घटले पाहिजे. लॅन्थॅनमच्या बाबतीत २५० केल्व्हिन भागिले १.४१ म्हणजे सुमारे १७७; मोजले गेले १८०. गंधकाच्या बाबतीत २०३ चे सुमारे १५० झाले. क्ष-किरणांना न दिसणारा हायड्रोजन इथे आपले वजन थेट नोंदवतो. अर्थात यावरून तो कोणत्या निर्देशांकावर बसला आहे हे कळत नाही, पण इलेक्ट्रॉनांची जोडी जुळवणारा तोच आहे, एवढे नक्की कळते.

चुका कुठे होतात, हेही सांगायला हवे. २००८ मध्ये सिलेनमध्ये १७ केल्व्हिनला अतिसंवाहकता नोंदवली गेली होती. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवले की त्या विवर्तनातल्या रेषा प्लॅटिनम हायड्राइडच्याही असू शकतात, कारण विद्युतजोडणीसाठी घातलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांनीच हायड्रोजन शोषला असणार. जड अणूंचे जालक मोजले हे खरे, पण कोणत्या जड अणूंचे, हा प्रश्न विचारायचा राहून गेला. अलीकडच्या दोन बहुचर्चित दाव्यांपैकी, म्हणजे कार्बन-गंधक-हायड्रोजन आणि नायट्रोजनयुक्त ल्युटेशियम हायड्राइड, पहिला २०२२ मध्ये आणि दुसरा २०२३ मध्ये नियतकालिकाने मागे घेतला. त्यांची कारणे मोजमापाच्या आकड्यांशी निगडित होती. पण स्फटिकशास्त्राच्या बाजूने पाहता पहिल्या दाव्याबरोबर नमुन्याची रचनाच दिलेली नव्हती, आणि माझ्या मते तेवढे कारणसुद्धा सावध राहायला पुरेसे होते.

राहिला दाब काढून घेण्याचा प्रश्न. लॅन्थॅनम डेकाहायड्राइडमध्ये केंद्रके स्थिर मानली तर अतिशय सममित असा हा पिंजरा सुमारे २३० गिगापास्कलखाली विकृत व्हायला हवा, परंतु २०२० मधील पुंजगणनेनुसार प्रोटॉनांचे डोलणेच त्याला १३० गिगापास्कलच्या जवळपासपर्यंत सावरून धरते. प्रयोगातही १३५ गिगापास्कलच्या आसपास दाब उतरवताना घन रचना मोडून एकनताक्ष, म्हणजे तिरकी आणि कमी सममितीची, होते आणि संक्रमण तापमान झपाट्याने उतरते. रचना मोडायच्या बेतात असते तेव्हाच काही कंपने मऊ पडतात आणि इलेक्ट्रॉनांशी त्यांची जवळीक वाढते, त्यामुळे उच्च संक्रमण तापमान आणि अस्थैर्य ही दोन्ही एकाच घरात नांदतात. म्हणूनच दाब हळूहळू उतरवून हीच रचना टेबलावर आणता येईल, अशी आशा मी या द्विमूलद्रव्यी संयुगांबाबत धरत नाही.

त्याऐवजी तिसरे मूलद्रव्य घालण्याचा मार्ग अधिक फलदायी ठरतो आहे. लॅन्थॅनम, बेरिलियम आणि आठ हायड्रोजन यांच्या संयुगात लॅन्थॅनमचे जालक एफसीसीच आहे, पण हायड्रोजन आता निव्वळ हायड्रोजनच्या पिंजऱ्यात नसून बेरिलियमभोवती घनाकार मांडलेले आहेत. त्या लहानशा अणूने मधली पोकळी भरून हायड्रोजनांना आतूनही बांधून ठेवले आहे. २०२३ मध्ये हे संयुग ८० गिगापास्कलला ११० केल्व्हिन देताना आढळले. आधीच्या पिंजऱ्यांच्या मानाने दाब निम्म्यावर आला, तापमानही निम्म्याहून खाली आले. तुलनेसाठी, वातावरणाच्या दाबालाही टिकणारे पॅलेडियम हायड्राइड १९७२ पासून माहीत आहे: त्यात हायड्रोजन एफसीसी पॅलेडियमच्या अष्टफलकीय पोकळ्यांत एकेकटा बसतो, शेजारचा हायड्रोजन जवळजवळ तीन अँगस्ट्रॉमवर असतो, आणि संक्रमण तापमान नऊ केल्व्हिनच्या आसपास राहते. आणि तिथे न्यूट्रॉनांनी हायड्रोजनची जागा प्रत्यक्ष मोजलेली आहे.